कपाटाकडे तोंड करून

मी आठवीला इंग्रजी शिकवते, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात आठवीच्या वर्गात रोज एक तास इंग्रजी बोललं जातं आणि ते मी एकटीच बोलते. प्रश्न मी विचारते, थोडा वेळ वाट बघते, मग उत्तरही मीच देते आणि वर स्वतःलाच 'व्हेरी गुड' म्हणते. इतकी तयारीची विद्यार्थिनी मला अजून दुसरी मिळालेली नाही.

शाळा म्हणजे एक लांबच लांब हॉल. पूर्वी तिथे कसलंसं गोदाम होतं, म्हणून खिडक्या डोक्याच्या वर आहेत. उजेड आत येतो, पण नजर बाहेर जात नाही. हॉलच्या मधोमध लोखंडी कपाटांची रांग उभी करून दोन वर्ग केलेत. कपाटांची दारं माझ्या आठवीकडे, पाठी पलीकडच्या सातवीकडे. किल्ल्या कुठल्यातरी माजी मुख्याध्यापकांबरोबर निवृत्त झाल्या, त्यामुळे आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. कपाटं छताला पोचत नाहीत. पलीकडे गणिताचे सर 'त्रिज्या' म्हणाले की अलीकडे माझं 'गुड मॉर्निंग' जागच्या जागी आडवं होतं. सरांच्या आवाजामुळे मुलं त्यांना 'भोंगा' म्हणतात. मला 'प्लीजबाई' म्हणतात. प्लीज सिट डाऊन, प्लीज ओपन युअर बुक्स, प्लीज, प्लीज. ही बाई शिकवते कमी आणि विनवते जास्त, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

पुस्तक तिघांत एक. मधल्याने वाचायचं आणि कडेच्या दोघांनी पेंगायचं, अशी वाटणी मुलांनी आपसांत अगदी सलोख्याने करून घेतली आहे. फळ्यावर खडू उमटतो तो फक्त डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे माझं सगळं इंग्रजी त्या कोपऱ्यात अंग चोरून बसतं. कॉलेजात मी इंग्रजी साहित्य घेतलं होतं. कवितेतल्या एकटेपणावर वीसेक पानं लिहून पहिला वर्ग मिळवला होता. एकटेपणा म्हणजे काय, ते आठवीच्या तासाला समजलं.

सगळ्यात अवघड प्रकरण तिसऱ्या बाकावर बसतं. तिला सगळे 'वकील' म्हणतात, कारण युक्तिवाद केल्याशिवाय ही मुलगी पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही.

"बाई, ह्याचा उपयोग काय?" तिने सुरुवातीलाच विचारलं होतं.

मी ठेवणीतलं भाषण काढलं. नोकरी मिळते, जगाशी बोलता येतं, दारं उघडतात.

"माझ्या काकांना येतं इंग्रजी," ती म्हणाली. "ते पण घरीच असतात."

वर्ग हसला. मीही हसले. रडण्यापेक्षा ते बरं दिसतं. घरी बसून मी चित्रांची कार्डं केली, रंगवली, कडेने चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी छत्रीच्या कार्डाने शेवटच्या बाकावर वारा घेणं चालू होतं. त्या बाकावरच्या मुलीला 'झोपाळू' म्हणतात आणि ती नावाला जागते. मी गाणी म्हटली, तर पलीकडून सरांनी विचारलं, "बाई, कुणाला लागलं का?"

शाळेतून सुटून घरी जाते तर तिथे दुसरा वर्ग भरलेला असतो. माझी लेक तीन वर्षांची आहे आणि ती जेवत नाही. सगळ्या आया असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण माझी खरंच जेवत नाही. सगळ्या आया हेही म्हणतात. मी वाटी घेऊन तिच्या मागे पलंगाखाली जाते, पडद्यामागे जाते, पायरीवर जाते. नवरा एका पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, म्हणून दिवसा लेकीला तो आणि सासूबाई बघतात. तो अर्ध्या डोळ्याने बघतो, सासूबाई दीड.

सासूबाई मला कधी काही बोलत नाहीत. खरंच नाही. त्या नणंदेशी फोनवर बोलतात, मांजराशी बोलतात, फारच झालं तर गॅसच्या शेगडीशी बोलतात. "काही घरांत बायका पोरांच्या मागे वाटी घेऊन धावतात, माऊ," त्या म्हणतात. "पोराला वाटतं शर्यत आहे. शर्यतीत कुणी जेवतं का?" माऊ अंग चाटत असते, ऐकते मी. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेक सासरी गेल्यापासून ते काम मांजर करतं. असं ऐकून ऐकून मला माझ्याबद्दल बरंच कळलेलं आहे. कपडे मी नीट पिळत नाही, झाकणं उघडी टाकते आणि पोरीला पायमोजे घालून घालून तिचे पाय नाजूक केलेत.

तर दुपारी माझ्या तासाच्या मधोमध लेकीच्या जेवणाची वेळ होते. तेव्हा मला राहवत नाही. शाळेत मोबाइलला रेंज मिळते ती फक्त कोपऱ्यातल्या कपाटापाशी. मुलांना काहीतरी लिहायला देऊन मी तिथे जाते, कपाटाकडे तोंड करते, तोंडावर हात धरते आणि घरी फोन लावते. नवऱ्याच्या एका हातात पोर आणि दुसऱ्यात वाटी असते, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि शेजारी सासूबाई. म्हणून मी इंग्रजीत बोलते. माझ्या पदवीचा घरात एवढाच काय तो उपयोग.

"हॅज शी ईटन? हाउ मेनी स्पून्स? ओन्ली टू? प्लीज, ट्राय वन्स मोअर. अँड डोन्ट टेल युअर मदर."

हे रोज. कधी दोनदा.

अशात एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं.

"पुढच्या आठवड्यात साहेब तपासणीला येतायत. तुमच्या तासाला बसणार. मुलांकडून निदान चार वाक्यं बाहेर काढा हो. आणि पाठ केलेली नकोत, त्यांना ते लगेच कळतं."

"आणि नाही बोलली मुलं तर?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. चांगली बातमी असेल तर त्या चष्मा पुसत नाहीत. "तुमची नेमणूक वर्षाची आहे. पुढच्या वर्षीचं त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. मी काय सांगू?"

ही नोकरी मला हवी होती. नवऱ्याच्या कारखान्याचं काही खरं नव्हतं, आज पाळी आहे तर उद्या नाही. आणि दुसरं म्हणजे, मी घरी बसले असते तर दिवसभर वाटी घेऊन पळत राहिले असते. इथे निदान अख्खा वर्ग माझ्यापासून पळतो आणि त्याला नोकरी म्हणतात.

मी छत्री विकत घेण्याचा संवाद निवडला. दुकानदार आणि गिऱ्हाईक, चार वाक्यं. तीन दिवस मी दुकानदार झाले, गिऱ्हाईक झाले, एकदा तर छत्रीही झाले. पालथ्या घड्यावर पाणी. वकील म्हणाली, "बाई, आमच्या घरी छत्री आहे."

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नळावर बाटली भरायला गेले, तर पलीकडच्या बाजूला माझाच आवाज ऐकू आला. मी बोलत नव्हते, एवढी खात्री होती. डोकावून बघते तर वकील भिंतीकडे तोंड करून उभी, मूठ कानाशी, दुसरा हात तोंडावर.

"हॅज शी ईटन?" ती विचारत होती.

"टू स्पून्स," झोपाळू म्हणाली. झोपाळू माझा नवरा झाली होती. त्यासाठी तिला वेगळा अभिनय करावा लागला नव्हता.

"ओन्ली टू?" इथे वकीलचा आवाज अगदी माझ्यासारखा चिरकला. "प्लीज, ट्राय वन्स मोअर."

"शी इज अंडर द बेड."

"देन गो अंडर द बेड. अँड डोन्ट टेल युअर मदर."

भोवतीच्या मुली पोट धरून हसत होत्या. मी बाटली भरून वाहेपर्यंत तशीच उभी. कानशिलं तापली होती. आपल्या घरातलं सगळं चव्हाट्यावर आलं, ह्याची लाज वाटली. दुसरी गोष्ट लक्षात यायला बाटली बंद करण्याइतका वेळ लागला. एकही चूक नव्हती. उच्चार, थांबे, सगळं बरोबर. वर्षभर जे त्यांच्याकडे तोंड करून, हात जोडून शिकवलं, त्यातलं अक्षर राहिलं नव्हतं. आणि जे पाठ फिरवून, तोंडावर हात धरून, त्यांना कळू नये म्हणून बोलले होते, ते शब्दन् शब्द राहिलं होतं.

मी गणिताच्या सरांना विचारलं, "सर, माझा फोन तुमच्या बाजूला ऐकू येतो का?"

सरांनी आवाज खाली आणला. हे दुर्मीळ. मग म्हणाले, "बाई, सातवीला यंदा इंग्रजीचा शिक्षक नाही. जागाच भरलेली नाही. पण तुमच्या मुलीने काल किती चमचे खाल्ले ते कुणालाही विचारा, इंग्रजीत सांगतील. पहिल्यांदा वाटलं सांगावं तुम्हाला. मग म्हटलं, फुकटात शिकतायत तर शिकू दे." वर त्यांनी विचारलं, "काल एकच खाल्ला ना?"

मला एकदम माऊ आठवली. सासूबाईंची सगळी विद्या मला न सांगता मिळाली होती आणि चार वर्षांत त्यातलं एक वाक्य मी विसरले नव्हते. मग हीच पद्धत का नको? दुसऱ्या दिवशी मी कपाटापाशी गेले, बंद फोन कानाला लावला आणि एका मैत्रिणीशी छत्रीबद्दल इंग्रजीत बोलू लागले. निळी हवी, मोठी हवी, किंमत काय. मागे वर्ग शांत झाला. मनात म्हटलं, जमतंय.

"बाई," वकील म्हणाली, "हा फोन खोटा आहे."

"कशावरून?"

"खऱ्या फोनला तुम्ही नखं खाता."

"आणि खोट्यात प्लीज कमी आहेत," झोपाळूने डोळे न उघडता पुरवणी जोडली.

झालं. अक्कल उसनी आणली की अशी फजिती होते. सासूबाई मांजराशी बोलतात तेव्हा निदान मांजर खरं असतं.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून लेकीचं अंग गरम होतं. फार नाही, पण हाताला लागेल इतकं. आदल्या रात्री एक चमचा, सकाळी नुसतं पाणी. मी निघताना सासूबाई माऊला म्हणाल्या, "ताप आला की तोंडाची चव जाते. घाबरायचं काय त्यात?" माऊ घाबरलेली नव्हती. ऑफिसात पाऊल टाकते तोच मोठ्या बाईंनी हात पुढे केला.

"मोबाइल इथे ठेवा. साहेबांना वर्गात चालत नाही."

फोन ड्रॉवरमध्ये गेला आणि ड्रॉवर बंद झाला. त्याची किल्ली मात्र कुणाबरोबर निवृत्त झालेली नव्हती.

साहेब शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान, साहेब उंच, त्यामुळे त्यांचे गुडघे बाकाच्या वर आले आणि त्यांनी त्यावरच हात टेकले. झोपाळू त्यांच्या शेजारी, ताठ, भीतीने टक्क जागी. मी छत्रीचं कार्ड वर धरलं.

"व्हॉट इज धिस?"

कुणी बोलेना. पलीकडे सरसुद्धा आज हळू शिकवत होते, तेवढ्याने शांतता आणखी मोठी झाली. साहेबांनी खोकून स्वतः विचारलं, "यू, थर्ड बेंच. व्हॉट इज धिस?"

वकीलने छताकडे बघितलं. तिथे छत्री नव्हती.

मी दुकानदार झाले. मी गिऱ्हाईक झाले. मी स्वतःला 'व्हेरी गुड' म्हणणार होते, पण जीभ आवरली. साहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणून मीही बघितलं. जेवणाची वेळ झाली होती. आता नवरा वाटी घेऊन बसला असेल. ताप उतरला असेल की चढला असेल? कपाटापाशी जायचं तर हातात फोन नाही. पुढचं वाक्य मला आठवेचना. पुढच्या वर्षीची नोकरी डोळ्यांसमोर चालली होती आणि मी वर्गासमोर उभी राहून अंगठ्याचं नख खात होते.

तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

"टीचर," वकील हळूच म्हणाली, "हॅज शी ईटन?"

ती नक्कल करत नव्हती. तोंडावर हात नव्हता, हसू नव्हतं. मी काही विचार न करता उत्तर देऊन बसले.

"आय डोन्ट नो."

"व्हाय? नो फोन टुडे?"

"माय फोन इज इन द ऑफिस."

वर्गात हळहळ पसरली. साहेबांच्या शेजारून झोपाळूने विचारलं, "हाउ मेनी स्पून्स यस्टरडे?"

"वन."

"ओन्ली वन?" तीनचार जणी एकदम म्हणाल्या.

"शी हॅज फीव्हर," मी म्हटलं, आणि आवाज चिरकला. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून कधी ऐकलेलं नव्हतं. तरी ते सगळ्यांना कळलं. ते मला त्यांच्या तोंडांवर दिसलं.

"फीव्हर मीन्स नो ईटिंग," वकील म्हणाली. "नॉट यू. फीव्हर." मग तिने जरा शब्द शोधले. "टीचर, यू रन. एव्हरी डे यू रन. डोन्ट रन. पुट द प्लेट अँड गो."

"गो व्हेअर?"

"एनीव्हेअर. डोन्ट लुक. माय ब्रदर सेम. आय लुक, ही नो ईट. आय गो, ही ईट."

"सिंग साँग," कपाटांपलीकडून एक बारीक आवाज आला आणि पाठोपाठ भोंगा वाजला, "कोण रे ते? वर्तुळाकडे लक्ष द्या."

"नो साँग," वकीलने कपाटाला ठणकावलं. "टीचर्स साँग इज... इज नॉट गुड फॉर फीव्हर."

मला वाटलं, आता संपलं. इतक्यात साहेब बाकातून थोडे वर झाले. "माय ग्रँडडॉटर ऑल्सो," ते म्हणाले. "विदाउट मोबाइल, शी नो... शी डझ नॉट..." शब्द अडला.

"ईट," झोपाळूने त्यांना सांगितलं.

"ईट," साहेब म्हणाले. "येस."

"नो मोबाइल, सर," वकील म्हणाली. "बॅड हॅबिट."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला, की मोबाइल ते देत नाहीत, त्यांची सून देते. पण सुनेला इंग्रजीत काय म्हणायचं ह्यावर वर्गात मतभेद झाले आणि ते मिटवण्यात तास संपला. सगळं मोडकंतोडकं, एकावर एक, अर्धं हातवाऱ्यांनी. छत्री माझ्या हातातच राहिली.

ऑफिसात साहेबांनी पाणी घेतलं. मी दाराशी उभी. माझ्याकडे न बघता ते मोठ्या बाईंना म्हणाले, "पाठ्यपुस्तकातलं एक अक्षर झालं नाही."

मोठ्या बाईंचा हात चष्म्याकडे गेला.

"पण पाठ केलेलंही एक नव्हतं," साहेब म्हणाले. "माझ्याशी वाद घातला त्या मुलीने. इंग्रजीत. इतक्या शाळा बघितल्या, माझ्याशी वाद कुणी घालत नाही." आणि ग्लास खाली ठेवून म्हणाले, "त्यांचा फोन द्या आधी त्यांना."

मोठ्या बाईंनी ड्रॉवर उघडला आणि तो उघडता उघडता शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी टाइप करताय ना? इंग्रजीची पण घ्या त्यात." मला कुणी काही सांगितलं नाही. सवयीने मी ऐकलं.

वर्गात परत आले तर सुट्टीची घंटा होऊन गेलेली आणि एकही मूल जागचं हललेलं नाही. कपाटांच्या टोकाशी सातवीची चारपाच डोकी एकावर एक, त्यांच्या वर गणिताच्या सरांचं.

"लावा ना बाई," वकील म्हणाली. "आणि स्पीकरवर. आम्ही काय परके आहोत का?"

मी कोपऱ्यात गेले. रेंज तिथेच मिळते, त्याला इलाज नाही. पण तोंड मात्र वर्गाकडे केलं. रिंग वाजली, फोन उचलला गेला. नवऱ्याची जांभई ऐकू आली.

"हॅज शी ईटन?" मी विचारण्याआधी अख्ख्या वर्गाने विचारलं.

पलीकडे धडपड झाली. फोन कुणाच्यातरी हातातून कुणाच्यातरी हातात गेला. मग सासूबाईंचा आवाज आला. त्या नेहमीप्रमाणे माझ्याशी बोलत नव्हत्या.

"माऊ, सांग गं त्यांना," त्या म्हणाल्या. "फीव्हर गॉन. फोर स्पून्स. नो रनिंग."

वर्गाने बाकं वाजवली. सरांनीही कपाटावर थाप मारली आणि आतलं काहीतरी, जे कुणालाच माहीत नाही, ते गडगडत खाली आलं. मी हसले. लेक जेवली होती, नोकरी राहिली होती, ह्याहून मला दुसरं काय हवं होतं?

मग हळूहळू ते डोक्यात शिरलं. फीव्हर गॉन, म्हणाल्या त्या. फोर स्पून्स, म्हणाल्या. म्हणजे वर्षभर तिथेही कुणीतरी तास चुकवला नव्हता. मी फोन बंद केला, पुन्हा कपाटाकडे तोंड केलं आणि ह्या वर्षभरात इंग्रजीतून मी सासूबाईंबद्दल काय काय बोलले, ते एकेक आठवत उभी राहिले.

"बाई," मागून वकील म्हणाली, "आता कसली नखं खाताय?"